कष्ट, उत्कर्ष आणि आरक्खसंपदा : एक ऐतिहासिक विचार

गेल्या वर्षावासात आमच्या विहारातील अभ्यासवर्गात दीघजाणु सुत्तावर विवेचन चालू असता एका तरुण उपासकाने एक प्रश्न उपस्थित केला. हा तरुण पदवीधर आहे. त्याचे आजोबा मुंबईच्या गिरणीत रिंग खात्यात होते. वडील सरकारी कचेरीत शिपाई म्हणून लागले आणि कारकून म्हणून निवृत्त झाले. तो स्वतः मात्र एका कंत्राटदाराकडे अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर राबतो. तो म्हणाला, "सर, आजोबांनी कष्ट केले आणि ते गावकुसाबाहेरून चाळीत आले. वडिलांनी कष्ट केले आणि ते चाळीतून सरकारी वसाहतीत आले. मी त्या दोघांपेक्षा अधिक शिकलो आणि त्यांच्याइतकाच राबतो. मग माझा पाय मागे का पडतो? माझ्या कष्टांत उणे काय आहे?"

त्या दिवशी आम्ही दिलेले उत्तर आमचे आम्हांसच अपुरे वाटले. प्रस्तुत लेख म्हणजे ते अपुरे उत्तर पुरे करण्याचा प्रयत्न होय.

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे समाजात प्रचलित आहेत. पहिले असे की, जो कष्ट करतो तो वर येतोच. जो मागे राहिला त्याने कष्ट केले नसले पाहिजेत. दुसरे याच्या नेमके उलट : गरिबाने कितीही हाडे झिजवली तरी व्यर्थ, जे व्हायचे तेच होते. पहिले उत्तर बहुधा सुखवस्तूंच्या तोंडी असते आणि दुसरे थकलेल्यांच्या. आमच्या मते ही दोन्ही उत्तरे ना धम्माच्या कसोटीस उतरत, ना आपल्या समाजाच्या इतिहासाच्या. हे विधान आता पुराव्यानिशी तपासून पाहू.

१. सुत्तपिटकातील श्रमविचार

भगवान बुद्धांच्या काळीही हा वाद होता. मक्खली गोसालाचे मत सामञ्ञफल सुत्तात नमूद आहे. प्राण्यांच्या सुखदुःखास हेतू नाही, माणसाचे बळ, वीर्य, पराक्रम यांना अर्थ नाही, सर्व काही नियतीने ठरलेले आहे, असे तो म्हणे. भगवंतांनी हे मत अत्यंत हीन ठरविले. कारण ते मान्य केल्यास माणसाच्या हातून काही घडण्याची शक्यताच उरत नाही. अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात त्यांनी अशाच आणखी दोन मतांचा समाचार घेतला आहे. सर्व काही पूर्वकर्मामुळे घडते हे एक, आणि सर्व काही ईश्वरनिर्मित आहे हे दुसरे. आपल्या पूर्वजांच्या दारिद्र्याचे समर्थन शतकानुशतके ज्या दोन आधारांवर केले गेले, ते हेच दोन आधार होत. तेव्हा "कष्टाचा काही उपयोग नाही" असे म्हणणारा बौद्ध उपासक नकळत मक्खली गोसालाच्या पंक्तीस जाऊन बसतो.

मग भगवंतांचे मत कोणते? कोलियांच्या कक्करपत्त नावाच्या नगरात दीघजाणु नावाचा गृहस्थ त्यांना भेटला. आम्ही मुलाबाळांच्या संसारात राहणारी माणसे. आमचे इहलोकी कल्याण कशाने होईल, असे त्याने विचारले. भगवंतांनी चार गोष्टी सांगितल्या : उट्ठानसंपदा, आरक्खसंपदा, कल्याणमित्तता आणि समजीविता. शेती, व्यापार, गोपालन, धनुर्विद्या, राजसेवा किंवा एखादी कारागिरी, यांपैकी जो उद्योग असेल त्यात दक्ष असणे, आळस न करणे, ही उट्ठानसंपदा. मिळविलेल्याचे रक्षण ही आरक्खसंपदा. शीलवान व शहाण्या माणसांची संगत ही कल्याणमित्तता. आयव्यय पाहून समतोल राहणे ही समजीविता.

या चारांपैकी कष्ट ही केवळ पहिली गोष्ट आहे, याकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. ती पहिली आहे, म्हणून तिच्यावाचून पुढचे काही नाही. परंतु ती एकटी नाही. दुसऱ्या संपदेचे विवरण तर फारच बोलके आहे. घाम गाळून, बाहुबळाने, न्यायाने मिळविलेले धन राजांनी हिरावू नये, चोरांनी नेऊ नये, आगीने जाळू नये, पाण्याने वाहून जाऊ नये, नावडत्या वारसांच्या हाती पडू नये, अशी दक्षता गृहस्थाने घ्यावयाची आहे. कष्टाचे फळ हिरावणाऱ्यांच्या या यादीत चोराच्याही आधी राजाचे नाव आले आहे. श्रम करणाऱ्याच्या हातून श्रमाचे फळ कसे निसटते, याची भगवंतांना किती अचूक जाण होती हे यावरून दिसते.

राजाला त्यांनी मोकळे सोडलेले नाही. कूटदन्त सुत्तात राजा महाविजिताला त्याचा पुरोहित सल्ला देतो की, राज्यातील लूटमार दंडाने थांबणार नाही. शेती करणाऱ्यास बी-बियाणे द्यावे, व्यापार करणाऱ्यास भांडवल द्यावे, राजसेवा करणाऱ्यास अन्न व वेतन द्यावे, म्हणजे लोक आपापल्या कामात गुंततील. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात निर्धनांस धन न दिल्यामुळे दारिद्र्य, दारिद्र्यातून चोरी आणि चोरीतून हिंसा कशी वाढत गेली, याची साखळीच दाखविली आहे. म्हणजे उद्योग करणे हे गृहस्थाचे कर्तव्य आणि उद्योगास अनुकूल व्यवस्था ठेवणे हे राज्याचे कर्तव्य, अशी ही दुहेरी मांडणी आहे.

मज्झिम निकायातील एसुकारी सुत्त या संदर्भात आवर्जून वाचण्यासारखे आहे. एसुकारी ब्राह्मण भगवंतांना सांगतो की, ब्राह्मणांनी चारही वर्णांचे धन ठरवून दिले आहे. ब्राह्मणाचे धन भिक्षा, क्षत्रियाचे धन धनुष्य व भाता, वैश्याचे धन शेती व गोरक्षण, आणि शूद्राचे धन विळा व कावड. भगवंतांनी त्याला एकच प्रश्न विचारला : असे ठरविण्यास साऱ्या जगाने ब्राह्मणांना संमती दिली आहे काय? नाही, असे त्याला कबूल करावे लागले. तेव्हा भगवंतांनी दाखला दिला. एखाद्या दरिद्री माणसाच्या माथी, त्याची इच्छा नसता, मांसाचा तुकडा मारावा आणि हे खा व याचे मोलही दे असे सांगावे, तसे हे आहे. आपल्या समाजाचा पुढील दोन हजार वर्षांचा आर्थिक इतिहास या एका दृष्टान्तात सामावला आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

२. मेलेला उंदीर आणि पाण्याचा घडा

कष्ट व हुशारी यांच्या बळावर माणूस वर येतो, याचे बौद्ध वाङ्मयातील प्रसिद्ध उदाहरण म्हणजे चुल्लकसेट्ठि जातक. रस्त्यात पडलेला मेलेला उंदीर पाहून एक श्रेष्ठी सहज म्हणतो की, बुद्धिमान माणूस एवढ्या भांडवलावरही संसार उभा करील. हे शब्द एका गरीब झालेल्या तरुणाच्या कानी पडतात. तो उंदीर उचलतो आणि मांजरासाठी एका दुकानात अगदी क्षुल्लक किमतीस विकतो. त्या पैशाचा गूळ घेतो, घडाभर पाणी भरतो आणि रानातून फुले घेऊन येणाऱ्या माळ्यांना गूळपाणी देतो. ते त्याला मूठमूठ फुले देतात. फुलांतून आठ कार्षापण जमतात. पुढे वादळाने पडलेल्या फांद्या, राजाचा कुंभार, पाचशे गवतकापे, घोड्यांचा व्यापारी आणि शेवटी बंदरात लागलेले जहाज, अशा पायऱ्या चढत तो दोन लाखांचा धनी होतो, श्रेष्ठीचा जावई होतो आणि त्याच्या पश्चात श्रेष्ठीपदही मिळवितो.

ही कथा आम्ही लहान मुलांना नेहमी सांगतो व पुढेही सांगू. परंतु तिच्यातील एक बारकावा आपल्या वाचकांच्या ध्यानात यावा असे आम्हांस वाटते. हा तरुण गरीब असला तरी कुलपुत्त होता, म्हणजे चांगल्या घराण्यातला होता. त्याने दिलेले पाणी माळी प्याले, गवतकापे प्याले. दुकानदाराने त्याच्याशी व्यवहार केला, राजाच्या उद्यानात त्याला प्रवेश मिळाला, श्रेष्ठीने त्याला मुलगी दिली. त्याच्या उत्कर्षाची पहिली खरी पायरी उंदीर नव्हता. पाण्याचा घडा होता.

शंभर वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रातील एखाद्या महार, मांग वा चांभार तरुणाच्या हाती हाच घडा दिला असता तर काय झाले असते? त्याच्या हातचे पाणी कोणी प्याले नसते. गावच्या पाणवठ्यावर तो घडा त्याला भरताही आला नसता. कष्ट तेच, बुद्धी तीच, भांडवल तेच. तरीही कथा पहिल्याच पायरीवर संपली असती. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणे हा मानवी प्रतिष्ठेचा लढा तर होताच; परंतु ज्याच्या हातचे पाणी चालत नाही त्याला बाजारात दुकान मांडता येत नाही, या साध्या अर्थाने तो उदरनिर्वाहाचाही लढा होता.

३. वतन : कष्ट होते, फळ नव्हते

आपल्या समाजात कष्टांचा अभाव कधीच नव्हता. गावाची वेस राखणे, तराळकी करणे, सरकारी सारा तालुक्याच्या ठाण्यावर पोचविणे, हद्दीच्या खुणा दाखविणे, फिरतीवर आलेल्या अंमलदाराची सरबराई करणे, मर्तिकाची खबर परगावी नेणे, मेलेली गुरे ओढणे, ही सर्व कामे महारांकडे होती. त्यांचा मोबदला म्हणजे हाडोळ्याची इनाम जमीन, रयतेकडून मिळणारे बलुते आणि क्वचित थोडीशी रोकड. इंग्रजी अमदानीत या वतनास १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याची चौकट मिळाली.

या व्यवस्थेत कामास वेळ ठरलेला नव्हता. दिवसाचे चोवीसही तास चाकरीचे. वतनदार घरी नसेल तर त्याच्या घरच्या माणसास कामास जावे लागे. चाकरी सरकारची, पण पोटाला देणारी रयत. त्यामुळे सरकारचे काम इमानाने केले म्हणून रयत रागावली तर खळ्यावरचे बलुते बंद. इनाम जमिनीचे पिढ्यानपिढ्या तुकडे पडत गेले आणि तिच्यावर सरकारची जुडी चालूच राहिली. अशा स्थितीत जो महार दुप्पट राबला त्याला दुप्पट मोबदला मिळाला काय? मुळीच नाही. त्याला फक्त दुप्पट काम मिळाले. कष्ट आणि फळ यांना जोडणारा धागाच येथे तोडलेला होता.

परमपूज्य बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत'मधून १९२७ साली महारांच्या वतनावर लेखमाला लिहिली आणि १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कर्तव्ये निश्चित असावीत, बलुत्याऐवजी रोख वेतन मिळावे, आणि ज्याला वतनाच्या चाकरीतून मुक्त व्हायचे असेल त्याला पूर्ण सारा भरून जमीन राखता यावी, असा त्याचा आशय होता. हे विधेयक १९२९ साली मागे घ्यावे लागले. वतने रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. वतनाच्या तुकड्यावर मायेने बसून राहू नका, हे त्यांचे सांगणे पुष्कळांना तेव्हा कठोर वाटले. परंतु जेथे श्रमाचे मोल ठरलेलेच नाही तेथे अधिक श्रम करून उपयोग नाही, तेथून बाहेरच पडले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

४. उघडलेली आणि मिटलेली दारे

बाहेर पडण्याचे पहिले मोठे दार म्हणजे मुंबई इलाख्याचे सैन्य. पलटणीत दरमहा ठरलेला पगार होता, बढती होती, निवृत्तिवेतन होते आणि शिपायांच्या मुलामुलींसाठी शाळा होत्या. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार झाले आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले. 'विटाळ विध्वंसन' लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर हेही पलटणीतील निवृत्त सैनिकच होते. एका पिढीच्या आत गावकुसाबाहेरच्या घरांतून शिक्षक आणि लेखक निर्माण झाले. कष्टाला दार उघडे मिळाले की काय घडते, याचा हा पुरावा होय.

१८९० नंतरच्या दशकाच्या आरंभी लढाऊ जातींचा सिद्धान्त पुढे आला आणि महारांची सैन्यभरती बंद झाली. त्या वर्षी महारांचे शौर्य कमी झाले होते काय? त्यांच्या मनगटातील बळ ओसरले होते काय? काहीही बदलले नव्हते. फक्त दार मिटले होते. वलंगकरांनी १८९४ साली अर्ज केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ साली सासवड येथे एक्कावन्न गावांतील महारांची सभा भरविली, १९०४ साली मुंबई सरकारकडे आणि १९१० साली विलायतेतील भारतमंत्र्यांकडे निवेदन पाठविले. पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडताच १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज संपताच १९२१ साली मोडली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली तेव्हा कोठे ते दार कायमचे उघडले. म्हणजे जवळजवळ अर्धशतक एक संपूर्ण समाज आपल्या सिद्ध झालेल्या गुणांसह दाराबाहेर उभा होता.

दुसरे दार मुंबईच्या गिरण्यांचे. गिरणीत जात नाही, यंत्राला विटाळ नाही, असे पुष्कळांना वाटत असे. परंतु अस्पृश्यांना काम मिळे ते मुख्यतः कमी मजुरीच्या रिंग खात्यात. चांगली मजुरी असलेले विणकाम खाते त्यांना बंद होते. कारण काय? धोट्यात नवी कांडी भरली की सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या ओठांचा स्पर्श झालेला धोटा स्पृश्य विणकऱ्यास चालत नसे. नागपूर-विदर्भाकडील महारांत जाडेभरडे कापड विणण्याचा धंदा पिढ्यानपिढ्या होता, हे येथे लक्षात घ्यावे. ज्या समाजाच्या हातांना माग ठाऊक होता त्याच समाजाला मुंबईत मागापाशी उभे राहू दिले जात नव्हते. कौशल्य आडवे आले नाही. थुंकी आडवी आली.

१९२८ च्या मोठ्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. कामगारांच्या मागण्यांत विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी नसेल तर आमच्या माणसांनी संपात का राहावे, असा त्यांचा सवाल होता. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, हा त्यांनी १९३६ साली मांडलेला सिद्धान्त अशा अनुभवांतून आला आहे.

तिसरे दार रेल्वेचे. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली झाली. आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि बहुधा गँगमन म्हणूनच जन्म काढतो, हे त्यांनी तेथे दाखवून दिले. साधी पोर्टरची जागाही त्याला मिळत नसे. कारण स्टेशन मास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेत आणि अस्पृश्यास घरात घेणे त्यांना शक्य नव्हते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांनी याच परिषदेत सांगितले.

आणि केवळ अंगमेहनतीचीच ही कथा नव्हे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत असता राहायला जागा मिळाली नाही. ज्या पारशी सराईत ते उतरले होते तेथून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. अधिक कष्ट करा, अधिक शिका, म्हणजे सर्व ठीक होईल, असे सांगणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये. त्या काळी याहून अधिक कष्ट करून याहून अधिक शिकलेला माणूस आपल्या समाजात दुसरा कोण होता?

५. दार कोणी उघडले?

मग त्या तरुणाचे आजोबा आणि वडील वर कसे आले? त्यांनी कष्ट केले म्हणून, हे निःसंशय. परंतु त्यांच्या आधीच्या पिढ्यांनीही कष्ट केले होते. फरक पडला तो कष्टांत नव्हे, कष्टांच्या अटींत.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. १९४३ साली मध्यवर्ती सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८⅓ टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. १९४६ साली हे प्रमाण १२½ टक्के झाले. १९४४ साली मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतील कामाचा आठवडा ४८ तासांचा ठरला. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. सकाळच्या वर्गांमुळे नोकरी करून शिकणाऱ्यांची सोय झाली. १९५० साली औरंगाबादेस ज्या महाविद्यालयाची स्थापना झाली तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले, आणि मराठवाड्याच्या खेड्यांतील मुले तेथे येऊ लागली. त्याच वर्षी भारताचे संविधान अमलात आले.

ठरलेला पगार, ठरलेले तास, राखीव जागा, शिष्यवृत्ती, महाविद्यालय, वसतिगृह ही एकेक वस्तू म्हणजे श्रम आणि फळ यांच्यातील तुटलेला धागा पुन्हा जोडणारी गाठ होती. त्या गाठी बसल्या आणि मग कष्टांनी आपले काम केले. आईने मोळ्या विकल्या आणि मुलगा मास्तर झाला. बापाने झाडू मारला आणि मुलगी परिचारिका झाली. अशी घरे आपल्या प्रत्येक वसाहतीत आहेत. त्या माउलीच्या कष्टांचे मोल आम्ही तसूभरही कमी करीत नाही. परंतु तिच्या आईने आणि आजीनेही मोळ्याच विकल्या होत्या, हे विसरता येत नाही.

उलट बाजूनेही हे पडताळून पाहता येते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धम्मदीक्षा घेतलेल्या लोकांच्या अनुसूचित जातीच्या सवलती संपुष्टात आल्या. महाराष्ट्र राज्याने त्या १९६० साली दिल्या. परंतु केंद्रीय सेवांत बौद्धांना त्या मिळाल्या १९९० साली. चौतीस वर्षांच्या या अंतरात आपली मुले कमी अभ्यासू होती असे कोणी म्हणेल काय?

६. मिळविलेल्याचे रक्षण

आरक्खसंपदेची दुसरी, अधिक दारुण बाजू खेड्यांत दिसते. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, ते कसायला जमीन मिळावी म्हणून. ज्यांना जमीन मिळाली, ज्यांनी घर बांधले, ज्यांची मुले शिकली, त्यांचे पुढे काय झाले? १९७८ साली मराठवाड्यात नामांतराच्या निमित्ताने जी जाळपोळ झाली तीत आपल्या लोकांचे संसार जळाले. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. ते कुटुंब स्वतःची शेती कसत होते, मुले शिकत होती, मुलगी अभ्यासात हुशार होती. या कुटुंबात उट्ठानसंपदेची कोणतीही उणीव नव्हती. त्यांचे कष्ट फळास येत होते, आणि नेमके तेच काहींना सहन झाले नाही.

१९३० साली स्टार्ट समितीने अस्पृश्यांवरील सामाजिक बहिष्काराच्या शस्त्राची नोंद केली होती. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. स्वतःच्या हक्कांसाठी उभा राहिलेला अस्पृश्य उपासमारीच्या धमकीने वाकविला जातो, हे त्या समितीला दिसले होते. तेव्हा रक्षणावाचून श्रम म्हणजे कुंपणावाचून पीक होय, ही गोष्ट आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावी लागलेली नाही.

७. आजचा प्रश्न

आता त्या तरुणाकडे वळू. त्याच्या आजोबांची गिरणी आज उभी नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरणगाव पूर्वीसारखे कधीच झाले नाही, आणि गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. त्याच्या वडिलांना ज्या प्रकारची नोकरी मिळाली ती १९९१ नंतरच्या आर्थिक धोरणात आकसत गेली. झाडलोट, पहारा, शिपाईकाम, संगणकावरील नोंदी ही कामे कचेरीतच राहिली, पण कंत्राटदाराच्या हाती गेली. कंत्राटातील कामास बढती नसते, आणि राखीव जागेचा प्रश्न तेथे उपस्थितच होऊ दिला जात नाही.

खासगी क्षेत्रात गुणवत्ताच पाहतात, असे सांगितले जाते. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी याची परीक्षा घेतली. तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठविले. फरक फक्त अर्जदाराच्या नावात होता. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जदारास पुढील बोलावणे येण्याची संभाव्यता सुमारे दोनतृतीयांश आढळली. मुलाखतीस बसण्यापूर्वीच, एकही शब्द बोलण्यापूर्वीच हा फरक पडला होता. धोट्याच्या जागी आडनाव आले एवढेच.

तेव्हा, बाबा रे, तुझ्या कष्टांत उणे काही नाही. तुझ्या आजोबांसाठी आणि वडिलांसाठी जी दारे लढून उघडली गेली होती त्यांपैकी काही तुझ्या पिढीवर मिटत आली आहेत, हे तुझ्या प्रश्नाचे ऐतिहासिक उत्तर होय. दार मिटले हा तुझा दोष नाही; पण ते आपोआप उघडत नाही, हेही त्याच इतिहासाने शिकविले आहे.

८. समारोप

येथे आम्हांस एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. "आम्ही कष्टाने वर आलो, तुम्ही का येत नाही?" हे वाक्य आजकाल परक्यांपेक्षा आपल्याच सुस्थितीत आलेल्या बांधवांच्या तोंडून अधिक ऐकू येते. ते बोलणाऱ्यास आपले कष्ट आठवतात. आपल्यासाठी उघडलेले दार आठवत नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्यास बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जी व्यथा व्यक्त केली तिचा अर्थ हाच आहे. चुल्लकसेट्ठि जातकातील तरुणाने धनवान होताच एक लाख कार्षापण घेऊन त्या श्रेष्ठीचे दार गाठले. कारण आपल्या उत्कर्षाचा आरंभ दुसऱ्याच्या शब्दाने झाला, याची त्याला आठवण होती. आपल्यापैकी किती जणांना ती आहे?

आमच्या अल्प मतीने यातून काही व्यवहार निघतो. प्रत्येक विहारात रोजच्या वंदनेबरोबर एक अभ्यासिका असावी आणि ती रात्री उशिरापर्यंत उघडी राहावी. शिष्यवृत्ती व नोकरभरतीच्या जाहिराती लावणारा फलक असावा. निवृत्त झालेल्या उपासकांनी आठवड्यातून एक दिवस अर्ज भरून देण्यास बसावे. कंत्राटी कामगारांना त्यांचे भविष्यनिर्वाह निधीचे व किमान वेतनाचे हक्क समजावून सांगणारा एक वकील प्रत्येक वस्तीच्या ओळखीचा असावा. हीच आजची कल्याणमित्तता. आणि जेथे दार कायद्यानेच उघडणार आहे तेथे संघटित होऊन ते ठोठावणे, ही आजची आरक्खसंपदा.

कष्ट सोडू नयेत. ती पहिली संपदा आहे आणि ती प्रत्येकाच्या स्वतःच्या हातात आहे. परंतु उरलेल्या संपदा एकट्याच्या हातात नसतात. त्या आजोबांनाही एकट्याला मिळाल्या नव्हत्या. येत्या वर्षावासात तो तरुण पुन्हा अभ्यासवर्गास येईल, तेव्हा आम्ही त्याला हे सांगणार आहोत, आणि अभ्यासिकेची एक किल्ली त्याच्याच हाती देणार आहोत.